साठ डॉलर

धर्मग्रामाच्या कार्यालयात जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्यांशेजारी आणखी एक वही असते. तिला कपाटात मानाची जागा नसते. ती टेबलावरच पडलेली असते, कारण दिवसातून चार वेळा ती उघडावी लागते. ती मिस्साहेतूंची वही. तारीख, वेळ, हेतू आणि कुणाच्या विनंतीवरून, असे तिच्यात चार रकाने. तिसऱ्या रकान्यात माणसांची सारी सुखदुःखे येऊन बसतात. मुलाची परीक्षा, सुनेचे बाळंतपण, विहिरीचे पाणी, सासऱ्यांचे वर्षश्राद्ध. तरीही आम्ही धर्मगुरू समोरच्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला विचारतो : हयातांसाठी की मृतांसाठी? उत्तर मिळाले की लेखणी चालू लागते.

सन २००१ च्या जानेवारीत मी या प्रश्नाचे उत्तर न ऐकताच लेखणी चालवली. त्याची ही हकिगत आहे. आणि तिच्यासोबत दूर न्यूयॉर्कमध्ये १९७९ च्या जानेवारीत नाहीशा झालेल्या एका गुंडाचीही. या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या, हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

माझी गुरुदीक्षा होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. सहायक धर्मगुरू म्हणून मी किनाऱ्याकडच्या एका धर्मग्रामात काम करीत होतो. एका सकाळी एक वयस्क बाई आल्या. साधे लुगडे, हातात जपमाळ, रुमालाच्या गाठीत बांधलेले पैसे. त्यांनी मुलाचे नाव सांगितले आणि रविवारच्या मिस्सात त्याची आठवण करावी, अशी विनंती केली. मी सवयीने विचारले, "मावशी, हयातांसाठी की मृतांसाठी?" त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. बाहेर दुसरी माणसे थांबली होती, मला शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाला जायचे होते. बाई बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना बोलवत नाही, असा मी करून घेतला आणि 'मृतांसाठी' असे लिहून वही मिटली.

रविवारी मी वेदीवरून मृतांची नावे वाचली. त्यांत ते नाव आले तेव्हा डावीकडच्या तिसऱ्या बाकावरून त्या बाई उठल्या. मधल्या वाटेने त्या हळूहळू चालत बाहेर गेल्या. चपलांचा आवाज मला अजून ऐकू येतो. मिस्सा संपल्यावर सांक्रिस्तीत आमच्या जुन्या सेवकाने मला सांगितले, "फादर, तो मुलगा मेलेला नाही. म्हणजे, कुणाला माहीत नाही."

मग मला सारे कळले. मुलगा मुंबईला कामाला म्हणून गेला होता. काही दिवसांनी त्याच्या अंगावर चांगले कपडे दिसू लागले, मोटारसायकल आली. मग गावातल्या दुकानदारांना त्याचे निरोप येऊ लागले आणि त्या निरोपांना कुणी नाही म्हणत नसे. तो कुठल्या टोळीत आहे, याची कुजबुज साऱ्या गावाला ठाऊक होती. आईला ती ठाऊक होती की नव्हती, हे कुणीच तिला विचारले नाही. सन १९९६ च्या जानेवारीनंतर तो दिसला नाही. त्याचे प्रेत सापडले नाही आणि पोलिसांकडे त्याच्या अटकेची नोंदही नव्हती. आमच्या कुटुंब-नोंदवहीत मृताच्या नावापुढे छोटा क्रूस काढण्याची पद्धत आहे. त्या बाईंनी माझ्या आधीच्या धर्मगुरूंना एकच विनंती करून ठेवली होती : माझ्या मुलाच्या नावापुढे क्रूस घालू नका.

तो क्रूस मी भर देवालयात, सर्वांदेखत घातला होता.

मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला बसायला पाट दिला, चहा दिला, एकही शब्द तक्रारीचा काढला नाही. मी क्षमा मागितली ती एखादी कारकुनी चूक झाल्यासारखी. "वहीत चुकून लिहिले गेले," असे मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. आपण नेमके काय केले हे मला त्या दिवशी समजले नव्हते, हे मला पुढे नऊ वर्षांनी उमगले.

सन २०१० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागातील एका धर्मग्रामात तिथल्या धर्मगुरूंच्या रजेच्या काळात मी सेवेला होतो. आपल्याकडचे अनेक धर्मगुरू उन्हाळ्यात असे जातात. केनेडी विमानतळ जवळ होता. मिस्साच्या वेळी विमान डोक्यावरून गेले की प्रवचनात क्षणभर थांबावे लागे आणि तिथल्या भाविकांना त्याची सवय होती. धर्मगुरुनिवासात एक निवृत्त धर्मगुरू राहत असत. वय ऐंशीच्या पुढचे, वाडवडील इटलीहून आलेले. संध्याकाळी आम्ही दोघे फिरायला जात असू. एकदा विमानतळाच्या मालगोदामांकडे हात करून ते म्हणाले, "आमच्या विभागातल्या किती घरांत ही गोदामे जेवण घालीत होती आणि किती घरांतली ताटे रिकामी करीत होती, याचा हिशेब देवालाच ठाऊक." त्यांनी मला त्यांच्या कपाटातले एक पुस्तक वाचायला दिले : निकोलस पिलेगी यांचे १९८५ साली प्रसिद्ध झालेले 'वाइजगाय'. त्यावरूनच मार्टिन स्कॉर्सेसी यांनी १९९० मध्ये 'गुडफेलाज' हा चित्रपट केला.

तो चित्रपट मी पाहिला होता. सेमिनरीच्या दिवसांत, सुट्टीत, एका मित्राच्या घरी व्हिडिओवर. त्यात टॉमी नावाचे एक पात्र आहे. बोलता बोलता समोरच्याला हसवणारे आणि हसता हसता गोळी घालणारे. जो पेसी या नटाला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. आम्ही सहाजण होतो, सहाही पुढे धर्मगुरू होऊ पाहणारे, आणि आम्ही टॉमीच्या नकला करून पोट धरून हसलो होतो. हे लिहिताना मला लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

खरा टॉमी म्हणजे थॉमस डिसिमोन. चित्रपटातील नट ठेंगणा आहे, खरा टॉमी सहा फुटांहून उंच आणि धिप्पाड होता. त्याचा जन्म १९५० चा. न्यूयॉर्कमध्ये माफियाची पाच 'घराणी' होती, त्यांपैकी लुकेसी घराण्याचा पॉल व्हारिओ हा एक म्होरक्या. ब्रुकलिन आणि क्वीन्समध्ये त्याची टोळी होती. हेन्री हिल हा त्या टोळीतला माणूस. पुढे तो सरकारी साक्षीदार झाला आणि पिलेगी यांचे पुस्तक त्याच्याच कथनावर उभे आहे. हिल सांगतो की टॉमी प्रथम त्यांच्याकडे आला तेव्हा किशोरच होता. गुंडांसारखा सूट, ओठांवर रेघेएवढी मिशी. चोरीच्या सिगारेटी विकणे हे त्याचे पहिले काम. ज्या वयात आपली मुले वेदीसेवक म्हणून घंटा वाजवतात, त्याच्या जरा पुढचे ते वय.

टोळीची भाकरी विमानतळावर पिकत होती. मालाने भरलेले ट्रक रस्त्यात अडवायचे, चालकाला बाजूला बसवायचे, माल ओळखीच्या गोदामात उतरवायचा. जिमी बर्क हा या कामातला उस्ताद. तो चालकाचा परवाना स्वतःकडे ठेवून घेई, म्हणजे घर कुठे आहे हे आम्हांला ठाऊक आहे एवढे चालकाला कळावे. आणि जाताना त्याच्या खिशात पन्नास डॉलरची नोट सरकवी. त्यामुळे लोक त्याला सभ्य गृहस्थ म्हणत. हे मला फार ओळखीचे वाटले. आपल्याकडेही गुंडाने लग्नाला आहेर पाठवला की आपण त्याला दिलदार म्हणतो. धमकी आणि देणगी एकाच हाताने येते, हे आपल्याला दिसत नाही. खरे सांगायचे तर आपण ते पाहू इच्छीत नाही.

एप्रिल १९६७ मध्ये हिल आणि टॉमी विमानतळावरील एअर फ्रान्सच्या मालगोदामातून ४,२०,००० डॉलर घेऊन निघून गेले. किल्ली मिळवलेली होती, कुणाला धक्काही लागला नाही. टॉमी तेव्हा अठराही वर्षांचा नव्हता. त्या वयात एवढी रक्कम हातात आली की कष्टाची किंमत मनातून कायमची उतरते.

मग रक्त आले. जून १९७० मध्ये, हिलच्या क्वीन्समधील 'द स्वीट' या मद्यगृहात, विल्यम बेंटव्हेना ऊर्फ बिली बॅट्स याने टॉमीला तो लहानपणी बूट पुसत असे यावरून टोमणा मारला. बॅट्स हा गॅम्बिनो घराण्याचा विधिपूर्वक दीक्षित सदस्य, नुकताच तुरुंगातून सुटलेला. तशा माणसाला घराण्याच्या परवानगीवाचून हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. टॉमीने आणि बर्कने त्याला बेदम मारले, मेला असे समजून मोटारीच्या मागच्या कप्प्यात घातले. वाटेत तो जिवंत असल्याचे कळले, तेव्हा पुन्हा मारले. हिलच्या कथनात एक गोष्ट आहे, जी चित्रपटातही आली आहे. फावडे घेण्यासाठी ते टॉमीच्या आईच्या घरी थांबले. रात्र फार झाली होती. आई जागी झाली आणि पोरांना काही खाऊपिऊ घातल्याशिवाय तिने सोडले नाही. बाहेर मोटारीत तो माणूस होता. चित्रपटात ही आई दिग्दर्शकाच्या स्वतःच्या आईने, कॅथरीन स्कॉर्सेसी यांनी केली आहे. सेमिनरीच्या सुट्टीत आम्ही या प्रसंगालाही हसलो होतो. आता त्या निवासातल्या खोलीत, दिव्याखाली ते पान वाचताना मला हसू आले नाही. दाराबाहेर काय आहे हे न विचारणाऱ्या आया मी गावोगावी पाहिल्या होत्या.

बॅट्सला त्यांनी शहराबाहेर पुरले. पुढे ती जमीन विकली जाण्याची वेळ आली, तेव्हा पुरलेले प्रेत उकरून दुसरीकडे नेले. त्यांच्या बैठकीच्या जागी पेये आणून देणारा 'स्पायडर' नावाचा एक तरुण होता. हिल सांगतो की टॉमीने आधी त्याच्या पायात गोळी घातली आणि पुढे त्याने उलट उत्तर दिले म्हणून ठारच केले. या माणसांच्या घरी कुणीतरी वाट पाहत असणार. आज आपण ज्याच्या नाहीसे होण्याबद्दल बोलतो आहोत, त्याने स्वतःच इतरांना असे नाहीसे केले होते. ही बाजू दडपून टॉमीवर अश्रू ढाळणे हा मेलेल्यांचा अपमान होईल.

सन १९७८ मध्ये टॉमी तुरुंगवास भोगून बाहेर आला. त्याच वर्षी ११ डिसेंबरच्या पहाटे तीनच्या सुमारास मुखवटे घातलेली माणसे केनेडी विमानतळावरील लुफ्तान्साच्या मालगोदामात शिरली. गोदामातल्याच लुई वर्नर या नोकराने आतली माहिती पुरवली होती. तो जुगारात कर्जबाजारी झाला होता, आणि ज्याचे देणे होते त्या मार्टिन क्रुगमनने ती माहिती टोळीपर्यंत पोहोचवली. सुमारे तासाभरात ५० लाख डॉलर रोख आणि पावणेनऊ लाखांचे जवाहीर गेले. त्या काळापर्यंत अमेरिकेच्या भूमीवर रोख रकमेची एवढी मोठी लूट झाली नव्हती. एका कामगाराला मार बसला, पण गोळी एकही सुटली नाही. बर्कची आखणी चोख होती.

पण पैसा चोरणे सोपे असते, वाटून घेणे कठीण. पार्नेल एडवर्ड्स याच्याकडे एकच काम होते : वापरलेली गाडी भंगारात नेऊन चिरडून टाकणे. त्याने ती रस्त्यावर मनाई असलेल्या जागी उभी केली आणि दोन दिवसांत पोलिसांना ती सापडली. १८ डिसेंबरला एडवर्ड्सला त्याच्या घरात गोळ्या घातल्या गेल्या. हिलच्या म्हणण्याप्रमाणे गोळ्या घालणाऱ्यांत टॉमी होता. ६ जानेवारी १९७९ ला क्रुगमन नाहीसा झाला. मार्चमध्ये लुई काफोरा आणि त्याची पत्नी, दोघेही. मे महिन्यात आणखी दोघे एका मोटारीत मृतावस्थेत सापडले. ज्या-ज्या माणसाला वाटा द्यायचा होता, तो-तो माणूस बर्कला धोका वाटू लागला होता. एवढ्या सगळ्यात वर्नर या एकट्यालाच त्या लुटीबद्दल शिक्षा झाली, आणि पैशांपैकी फारच थोडा भाग परत मिळाला.

टॉमीचा प्रकार मात्र निराळा होता. त्याला निरोप आला की आता तुझी दीक्षा होणार. बर्क आयरिश वंशाचा असल्यामुळे त्याला हा मान मिळणे शक्य नव्हते. टॉमी इटालियन होता. जन्मभर त्याला हेच हवे होते. या दीक्षाविधीचे स्वरूप पुढे १९८९ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथे एफबीआयने तो गुप्तपणे ध्वनिमुद्रित केला तेव्हा, जगाच्या कानांवर आले. बोटातून रक्त काढतात, तळहातावर एका संताचे चित्र जाळतात आणि शपथ घेववतात की मी विश्वासघात केला तर माझा आत्मा असाच जळो. आपल्या घराघरांत प्रार्थनापुस्तकाच्या पानांत जपून ठेवलेले असते ना, तसले चित्र! आपल्या श्रद्धेच्या वस्तू त्यांनी उचलल्या आणि त्यांच्यातला ख्रिस्त तेवढा जाळून टाकला, असे मला वाटते.

टॉमी त्या विधीला म्हणून गेला आणि परतला नाही. हिलच्या सांगण्यानुसार, बॅट्सच्या आणि आणखी एकाच्या खुनाचा गॅम्बिनो घराण्याने घेतलेला तो सूड होता. त्याला कुणी हवाली केले, गोळी कुणी घातली, याची कथने वेगवेगळी आहेत. प्रेत कधीच सापडले नाही. १४ जानेवारी १९७९ रोजी त्याच्या पत्नीने तो बेपत्ता असल्याची तक्रार नोंदवली. तिने सांगितले की आपण त्याला काही आठवड्यांपूर्वी शेवटचे पाहिले, तेव्हा त्याने आपल्याकडून साठ डॉलर उसने घेतले होते.

साठ डॉलर! मी ते दोनदा वाचले. अमेरिकेतली सर्वांत मोठी लूट झाल्यानंतरच्या दिवसांत, त्या लुटीत सामील असल्याचे ज्याच्याबद्दल सांगतात, तो अठ्ठावीस वर्षांचा माणूस बायकोकडे साठ डॉलर मागतो. पापाची मजुरी काय असते, यावर मी कितीतरी प्रवचने केली होती. इतका नेमका आकडा मला कधी सापडला नव्हता.

परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही ती आकड्यामुळे नव्हे. त्या स्त्रीने ते पोलिसांना का सांगितले असेल, हा विचार मनातून जाईना. हरवलेल्या माणसाबद्दल सांगताना आपण त्याची उंची सांगतो, कपडे सांगतो. तिने साठ डॉलर सांगितले. कारण तो तिच्याशी झालेला त्याचा शेवटचा व्यवहार होता. उसने घेतलेले माणूस परत करतो, म्हणजे त्यासाठी तो परत येतो. तिच्या मनात असे काही होते की नव्हते, मला ठाऊक नाही, मी उगाच तिच्या मनात शिरू नये. पण मला दिसली ती रुमालाची गाठ सोडणारी आमच्या गावची बाई, आणि मी विचारलेल्या प्रश्नावर न उघडलेले तिचे ओठ.

पवित्र शास्त्रात याकोबाची कथा आहे. योसेफाला त्याच्या भावांनी विकले, मग त्याच्या झग्याला बोकडाचे रक्त लावले आणि तो झगा बापापुढे आणून टाकला. बापाने झगा ओळखला आणि मुलगा मेला असे मानून तो रडत राहिला. मुले-मुली सांत्वनाला आली, पण त्याने सांत्वन स्वीकारले नाही. सेमिनरीत आम्हांला या कथेचे अनेक पदर शिकवले होते. त्या रात्री मला एकच दिसला : नसलेली खात्री दुसऱ्याच्या हाती ठेवणे हीसुद्धा क्रूरता आहे. त्या आईला माझ्याकडून प्रार्थना हवी होती आणि मी तिच्यापुढे रक्ताळलेला झगा टाकला. माझ्या वहीत दोन रकाने होते आणि तिचे दुःख दोहोंतही बसत नव्हते. म्हणून मी दुःखच कापून रकान्यात बसवले.

दुसऱ्या दिवशी मी त्या वृद्ध धर्मगुरूंना विचारले, "अशा माणसासाठी मिस्सा अर्पण करता येईल का?" ते हसले. "तू कॅनन लॉ शिकला आहेस की नाहीस?" मग त्यांनीच सांगितले. क्वीन्सचा भाग ब्रुकलिनच्या धर्मप्रांतात येतो. गॅम्बिनो घराण्याचा प्रमुख जॉन गॉटी जून २००२ मध्ये तुरुंगात वारला, तेव्हा या धर्मप्रांताने त्याच्या अंत्यविधीची मिस्सा नाकारली. मात्र नंतर त्याच्या आत्म्यासाठी स्मृतिमिस्सा अर्पण करण्यास आडकाठी केली नाही. या दोन गोष्टींत विसंगती नाही. उघड पापी, ज्याने पश्चात्तापाची काहीच खूण दाखवली नाही आणि ज्याच्या अंत्यविधीने भाविक दुखावले जातील, त्याला सार्वजनिक अंत्यविधीचा मान द्यायचा नाही, हे कॅनन ११८४ सांगते. त्याच संहितेचे कॅनन ९०१ सांगते की धर्मगुरू कुणाही हयात वा मृत माणसासाठी मिस्सा अर्पण करू शकतो. 'कुणाही' या शब्दाला पुढे कसलीच अट जोडलेली नाही. मी सेमिनरीत या कलमाची परीक्षा दिली होती आणि उत्तीर्णही झालो होतो.

पोप जॉन पॉल दुसरे ९ मे १९९३ रोजी सिसिलीत अग्रिजेंतो येथे गेले, तेव्हा त्यांनी माफियाच्या माणसांना उघड्यावर खडसावले की परमेश्वराचा न्याय एक दिवस येणार आहे. त्याच दमात त्यांना मनपरिवर्तनाची हाकही दिली. चारच महिन्यांनी, १५ सप्टेंबरला, पालेर्मोतल्या मुलांना टोळ्यांपासून दूर ठेवण्यासाठी झटणारे फादर पिनो पुलिझी यांना माफियाने त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली. तो त्यांचा ५६ वा वाढदिवस होता. सन २०१३ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. फादर पुलिझींचे काम मिस्साहेतूंची वही उघडण्याआधीचे होते. मुलगा टोळीपर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याला हाक मारायची. आमच्या गावच्या त्या मुलाला मोटारसायकल आली तेव्हा त्याला हाक कुणी मारली होती? आम्ही देवालयाच्या सणाच्या वर्गणीच्या यादीत त्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले होते. ती यादी मी नंतर पाहिली.

भारतात परतल्यावर मी दुसऱ्या धर्मग्रामात होतो. एका सोमवारी मी बसने त्या बाईंच्या घरी गेलो. दहा वर्षांत त्या खूप वाकल्या होत्या. मी या वेळी वहीचे नाव काढले नाही. म्हणालो, "मावशी, तुमचा मुलगा कुठे आहे हे मला माहीत नव्हते. माहीत असल्यासारखे मी बोललो. त्याची क्षमा मागायला आलो आहे." त्या बराच वेळ जपमाळ फिरवीत राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, त्याने काय केलं ते मला ठाऊक आहे. लोकांना वाटतं, ठाऊक नाही. तो मेला असं कुणी म्हटलं म्हणजे त्याला आता सुधारता येणार नाही, असं होतं. म्हणून मी त्या दिवशी उठले."

मला वाटले होते, त्या मुलाच्या जिवाची आशा धरून बसल्या आहेत. त्या त्याच्या पश्चात्तापाची आशा धरून बसल्या होत्या. धर्मशिक्षण देणारा कोण आणि घेणारा कोण, हे त्या ओसरीवर उलटेसुलटे झाले.

जून २०१३ मध्ये मी एक बातमी वाचली. जिमी बर्क १९९६ मध्ये कैदेतच कर्करोगाने वारला होता. क्वीन्समधील त्याच्या जुन्या घराचे तळघर एफबीआयने खणले आणि तिथे पॉल कॅट्झ या माणसाचे अवशेष मिळाले. तो डिसेंबर १९६९ पासून बेपत्ता होता. म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी एका घराला उत्तर मिळाले. त्याच तपासातून व्हिन्सेंट असारो याच्यावर २०१४ मध्ये लुफ्तान्सा लुटीचाही आरोप ठेवला गेला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये तो निर्दोष सुटला. टॉमीचा मात्र पत्ता लागला नाही. माती काहींना परत देते, काहींना ठेवून घेते.

सन २०१७ मध्ये त्या बाई प्रभूघरी गेल्या. मी अंत्यविधीला होतो. दोन वर्षांनी माझी बदली पुन्हा त्याच धर्मग्रामात झाली, या वेळी प्रमुख धर्मगुरू म्हणून. पहिल्याच आठवड्यात मी कुटुंब-नोंदवही काढली. आईच्या नावापुढे क्रूस होता. मुलाच्या नावापुढची जागा रिकामीच होती. माझ्या आधीच्या प्रत्येक धर्मगुरूने तिची विनंती पाळली होती.

सन २०२० च्या जानेवारीत मी त्याच्यासाठी मिस्सा अर्पण केली. वेदीवरून नाव घेतले, त्याच्या आधी 'कैलासवासी' म्हटले नाही, दुसरेही काही म्हटले नाही. मिस्सानंतर गावातले एक दुकानदार सांक्रिस्तीत आले. संतापाने त्यांचा आवाज कापत होता. "फादर, त्याचा माणूस दर महिन्याला माझ्या गल्ल्यासमोर उभा राहायचा. माझ्या वडिलांनी त्या काळजीत अंथरूण धरलं. आणि तुम्ही वेदीवरून त्याचं नाव घेता?" मी म्हणालो, "मिस्सा म्हणजे चांगल्या वर्तनाचा दाखला नव्हे." ते म्हणाले, "मग माझ्या वडिलांचं नाव त्याच्या शेजारी घेऊ नका." मी ते मान्य केले. त्यांच्या वडिलांच्या मिस्साचा दिवस वेगळा असतो, आणि जानेवारीतल्या त्या मिस्साला ते येत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. क्षमा ही धर्मगुरूने दुसऱ्याच्या वतीने देऊन टाकण्याची वस्तू नाही. त्यांच्या दुकानात मी अजून जातो, ते वजन चोख देतात, आम्ही पावसापाण्याबद्दल बोलतो.

वाचकहो, तुमच्या-माझ्या धर्मग्रामांत आजही मुलांच्या हाती अचानक पैसा येतो. टोळ्यांची नावे बदलली असतील, वाटा बदललेल्या नाहीत. पैसा कुठून आला हे विचारण्याचा अवघड प्रश्न आपण पुढे ढकलतो आणि वर्गणीची पावती मात्र तत्परतेने फाडतो. टॉमीने सिगारेटी विकायला सुरुवात केली तेव्हा त्याला कुणी काही विचारले असते, तर कदाचित बॅट्स, स्पायडर आणि एडवर्ड्स यांच्या घरची माणसेही एका न संपणाऱ्या दुःखातून वाचली असती. टॉमी स्वतःही.

मिस्साहेतूंच्या वहीत जानेवारीच्या पानावर मी आता त्या मुलाचे नाव लिहितो आणि पुढे काहीच लिहीत नाही. शेवटच्या रकान्यात, कुणाच्या विनंतीवरून, तिथे 'आई' असे लिहितो. वर्षाला एकदा, मनातल्या मनात, त्या नावापाठोपाठ मी दुसरेही एक नाव घेतो, जे आमच्या गावात कुणाला ठाऊक नाही. ते साठ डॉलर अजून फिटायचे आहेत.